चांगलं आलेलं रक्त

ऐंशीच्या सुमारास मी पौडच्या एका छोट्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचं काम करत होते. घरचे लांब, मराठवाड्यात; इथं भाड्याच्या खोलीत मी एकटीच राहायचे. घरमालकीणही एकटीच होती. साठीची विधवा, मुलगा नोकरीला गुजरातेत. त्यांना मी मावशी म्हणायचे. संध्याकाळी आम्ही एकाच चुलीवर भाकरी करायचो. दिवसभरात मोकळं बोलणं व्हायचं ते तेवढंच.

त्या उन्हाळ्यात मावशींच्या छातीत दाटून येऊ लागलं. आधी चढावर, मग बसल्या जागीसुद्धा. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. फारसं काही दिसलं नाही. मग मी त्यांचं रक्त काढलं, बर्फाच्या थर्मासात ठेवून सकाळच्या एसटीनं पुण्याच्या लॅबमध्ये नेलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात काही एन्झाइम वाढतात, ती बघायची होती.

रिपोर्ट नॉर्मल आला. तो घेऊन परतले आणि उंबऱ्यातूनच ओरडले, "मावशी, रक्त एकदम चांगलं आहे!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. "अगं, ही एन्झाइम स्नायू मेल्यावर वाढतात. मरायच्या बेतात असताना काही सांगत नाहीत. बसल्या जागी दुखतंय ना? त्यांना पुण्याला ॲडमिट करायला हवं."

मी तशीच घरी धावले. मावशी हसल्या.

"तूच म्हनलीस न्हवं, रगत चांगलं हाय? मग हास्पिटल कशाला? म्हशीला कोन बघंल?"

मी परोपरीनं सांगितलं. त्या ऐकेनात. त्यांच्या मुलाला पत्र टाकलं.

चौथ्या दिवशी दुपारी त्या गोठ्यात कोसळल्या. पुण्याला नेताना जीपमध्ये माझं मनगट धरून म्हणाल्या, "पोरी, लई दाटतंय." पुण्यात पुन्हा रक्त घेतलं. या वेळी आकडे भलतेच वाढलेले होते. दुसऱ्या दिवशी मावशी गेल्या.

मुलगा आला, दिवस-कार्य झालं. निघताना म्हणाला, "तुमी ऱ्हावा हितंच. घर उघडं तरी ऱ्हाईल." मी रिपोर्ट कसा ओरडून सांगितला होता, ते त्याला सांगायचं होतं. मी नुसतीच त्याच्या हातातून किल्ली घेतली.

दुसरीकडे नोकरी लागेपर्यंत वर्षभर मी तिथंच राहिले. शेजारणी विचारायच्या, एकटीला भीती वाटत नाही का? भीती नव्हती वाटत. फक्त कामावरून आल्यावर, कुलूप काढण्याआधी, मी उगीचच कडी वाजवायचे.