पूजेत राहिलेलं शिसं

आमच्या ह्यांना शर्यतीच्या ट्रॅकवर कुणी मरुदाचलम म्हणत नाही. सगळे वाद्यार म्हणतात. वाद्यार म्हणजे मास्तर. स्वतः आठवीच्या पुढे शाळेची पायरी चढले नाहीत, पण जिभेवर छडी कायमची. एखाद्याने नट नुसता बोटाने फिरवून सोडला की झालं! "काय रे, लग्नाला आलायस का? देवाने हात कशाला दिलेत, टाळ्या वाजवायला?" समोरचा आपल्या टीमचा की दुसऱ्याच्या, तेही बघत नाहीत. मी म्हणायची, अहो, लोकांच्या पोरांना कशाला बोलता? तर म्हणायचे, "तुळसी, ह्या गाडीला चूक चालत नाही. तुझ्या सांबारात मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं."

माझ्या सांबारात मीठ आजवर कमी पडलेलं नाही. हे मी त्यांना तेव्हाच ऐकवलं. ऐकवायचं काही मी ठेवत नाही. आमच्या घरात त्यांचं एक वाक्य झालं की माझं तयारच असतं.

पीळमेडूला देवसेनापती सरांची शेड आहे, तिथे हे मेकॅनिक. पुढे गाड्या, मागे दोन खोल्या आमच्या. सरांचा धंदा मोटारपंपांचा आणि हौस शर्यतींची. एकाच माणसाची जागा असलेल्या, उघड्या चाकांच्या त्या बुटक्या गाड्या. पोरं आधी ह्याच गाड्यांत शिकतात आणि पुढे मोठ्या शर्यतीत जातात. मोसमात जो पहिला येतो त्याला पुढच्या वर्षी मलेशियात शर्यतीसाठी गाडी मिळते, फुकट. बाकीचे आपापल्या बापाच्या दुकानात जाऊन बसतात.

यंदा सरांनी कयलला घेतलं. पोळ्ळाचीच्या नारळवाल्याची पोरगी. अशी काडी पहिलवान, की वारा आला तर मी खिडकी लावून घ्यायची. ह्यांनी तिला पहिल्याच दिवशी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "हिला शिसं लागणार."

गाडी आणि चालवणारा मिळून वजन ठरलेलं असतं. शर्यत संपली की काट्यावर घालतात, त्याच्या खाली गेलं की निकाल बाद. बारीक माणूस असेल तर गाडीच्या तळाला शिशाच्या पट्ट्या बसवतात, म्हणजे सगळे सारखे होतात. कयलच्या वाट्याला दोन पट्ट्या आल्या. रोज सकाळी ती आली की मी तिच्यापुढे इडल्या ठेवायची. "खा गं कण्णू. तू खाल्लं नाहीस तर गाडीला शिसं खावं लागतं."

"अक्का, तुमच्या इडल्या इतक्या हलक्या असतात, त्याने कसलं वजन वाढतंय?"

अशी पोरगी. हे तिला ओरडायचे, आणि ती ऐकून घ्यायची, आणि मग असं काही बोलायची की ह्यांना तोंड फिरवून हसावं लागायचं. आम्हाला मूल नाही. त्याचं दुःख करायचं वय गेलं. पण ती दोन दिवस आली नाही की हे उगाच स्पॅनर आपटत फिरायचे.

मोसम तिचा बरा चालला होता. पहिल्या शर्यतीत तिसरी आली. पुढच्या खेपेला कुणीतरी मागून ठोकलं, चाक गेलं, तेव्हा ती भिंतीला टेकून रडली. ह्यांनी चाक बसवता बसवता विचारलं, "झालं का रडून? मग हा पाना धर." त्याच्या पुढची शर्यत तिने जिंकली. त्याच्या पुढचीही. शेवटच्या, चेन्नईच्या शर्यतीला जाताना ती गुणांत सगळ्यांच्या पुढे होती, पण थोडक्यात. तिथे पहिली किंवा दुसरी आली तर मलेशिया तिचं.

चेन्नईच्या आधी आयुधपूजा आली. त्या दिवशी शेडमधली एकूण एक वस्तू धुऊनपुसून देवीपुढे ठेवायची, चंदन-कुंकू लावायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. ह्यांनी तर गाडी आतून रिकामी करून पुसली. कयल म्हणाली, "वाद्यार, माझ्या पट्ट्यापण ठेवा ना पूजेत. माझं खरं हत्यार तेच. त्यांच्यामुळे मी त्या मुलांच्या बरोबरीची होते."

ह्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी स्वतः पट्ट्या सोडवल्या, चिंचेने घासल्या आणि देवीच्या अगदी पायाशी ठेवल्या. वर आम्ही झेंडूचा ढीग घातला. चुरमुरे, डाळे, गूळ, उकडलेले हरभरे वाटले. ऊद घातला. कयलने आरती धरली.

दसऱ्याला सगळ्यांनी हत्यारं उचलली, गाडी ट्रकमध्ये चढवली आणि निघाले. मी तिरुप्पूरला बहिणीकडे गेले. परत आले ती रविवारी सकाळी. पूजा तशीच होती, फुलं सुकून काळी पडलेली. म्हटलं, आधी हे आवरू. दोन्ही हातांनी फुलं उचलली, आणि खाली शिसं. दोन्ही पट्ट्या. चंदनाचे ठिपके तसेच.

शर्यत दुपारची. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"काय गं? इथे मरायला वेळ नाही."

"अहो, शिसं इथेच आहे."

"कसलं शिसं?"

"कयलच्या पट्ट्या. देवीच्या पायाशी."

पलीकडे गाड्यांचा आवाज.

"ऐकताय का? कुणाकडून तरी मागून घ्या की! दहा टीम आहेत तिथे. सरांना सांगा."

"बघतो," म्हणाले. आणि मग, हळू आवाजात, "तू कुणाला बोलू नकोस."

फोन ठेवला. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, देवीनेच बुद्धी दिली मला आल्याआल्या फुलं उचलायची. आता हे बघतील.

दुपारी समोरची इस्त्रीवाली पाप्पात्ती तिच्या मुलाचा फोन घेऊन आली. त्यावर शर्यत दिसत होती. सुरुवातीला कयल मागे पडली. गाडी वळणावर जड जड चालली होती. पाप्पात्ती म्हणाली, "तुमची पोरगी झोपली की काय?" मी म्हटलं, "गप्प बस, तोंड उघडलंस की नाट लागते." मग एकेकाला गाठत गाठत शेवटच्या फेरीत ती पुढे आली. पहिली! मी त्या फोनचा मुका घेतला. घरात होता नव्हता तो मैसूरपाक काढला आणि गल्लीभर वाटला. भेटेल त्याला सांगितलं, आमची कयल मलेशियाला चालली.

मग सरांच्या ऑफिसातून फोन आला. गाडी काट्यावर कमी भरली. निकाल बाद. दुसऱ्या टीमचा मुलगा पहिला.

मैसूरपाक अजून लोकांच्या हातात होता.

हे दुसऱ्या दिवशी ट्रकबरोबर आले. पाय धुतले नाहीत, तसेच पायरीवर बसले. मी म्हटलं, "शिसं मिळालं नाही का कुणाकडे?"

"मागितलं नाही."

"म्हणजे?"

"मागितलं नाही, तुळसी. तोंड उघडलं नाही."

मला आधी कळेचना. मग एकेक करून बाहेर आलं. त्या दिवशी सकाळी, माझा फोन यायच्या थोडं आधी, शेजारच्या टीमचा एक पोरगा गाडीत फडकं विसरला होता. ह्यांनी त्याला सगळ्यांपुढे उभा केला होता. "अरे, घरून निघताना डोकं विसरतोस का रे? मी तीस वर्षांत एक वॉशर विसरलो नाही!" सगळी माणसं जमून हसली होती. आणि लगेच माझा फोन. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

"त्याच पोराच्या टीमकडे जादा पट्ट्या होत्या," हे म्हणाले. "दोनदा निघालो. दोनदा परत आलो. वाटलं, टाकीत पेट्रोल जास्त घालू. शेवटी थोडं उरेल, तेवढ्यात वजन भागेल."

"आणि कयलला?"

"तिला काही बोललो नाही. ती म्हणत होती, वाद्यार, गाडी जड लागतेय. म्हटलं, तुझा भास आहे."

पेट्रोल उरलं, पण पुरेसं नाही. थोडक्यात कमी भरलं. सरांनी विचारलं तेव्हा हे म्हणाले, पट्ट्या पूजेत विसरल्या. तेवढं खरंच होतं. पण पूजेत विसरल्या ही गोष्ट बाहेर कुणाला पटते? ट्रॅकवर लोकं म्हणायला लागली, म्हणूनच जिंकत होती बाईसाहेब, गाडी हलकी करून. मागच्या शर्यतींचंही आता बोलायला लागले. त्या पोरीने पूर्ण मोसमात एक खोटं वळण घेतलं नव्हतं, आणि ती चोर ठरली.

मी ह्यांना खूप बोलले. कसली लाज आणि कसलं काय, त्या पोरीचं वर्ष गेलं तुमच्या मिजाशीपायी, असं बोलले. ते ऐकत राहिले. पूर्वी मी बोलले की हे उलट बोलायचे. आता ऐकतच राहतात. मग मलाच बोलवेना. त्या दिवसापासून हे शेडमध्येही जाईनात. मागच्या दाराने बाहेर पडायचे, त्याच दाराने आत यायचे. पाप्पात्तीने विचारलं, वाद्यारांना बरं नाही का? मी म्हटलं, ताप आहे.

आणि मग शुक्रवारी कयल आली. दारात स्कूटर लावली, हेल्मेट काढलं, आणि हातात ताट. ताटात नवं धोतर, विड्याची पानं, केळी. तिला बघितल्यावर मला दार लावून घ्यावंसं वाटलं, खरं सांगते.

"वाद्यार, शेडमध्ये का येत नाही? मी वाट बघून आले."

हे खुर्चीवर बसले होते. मान खाली.

"माणूस आहे, विसरतो," ती म्हणाली. "मी पण होते ना पूजेला? मीच म्हटलं पट्ट्या ठेवा. मग मीपण विसरलेच की. तुम्ही एकट्याने का डोक्यावर घेता?"

मी काहीतरी करायचं म्हणून इडल्या आणल्या. ती खाली बसून खायला लागली. अर्धी इडली खाल्ली आणि हसली. "अक्का, आता मला खायला घालू नका. पुढच्या वर्षी मला गाडीच नाही."

मग चटणीत इडली बुडवता बुडवता सहज म्हणाली, "अक्का, तुम्ही रविवारी सकाळी घरी असता ना, तर तुम्हाला पट्ट्या दिसल्या असत्या. एक फोन आला असता तर मी स्वतः जाऊन मागून आणल्या असत्या. मला कसली लाज?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"मी संध्याकाळी आले गं," मी म्हटलं. "बस चुकली."

एवढं सोपं होतं ते. तोंडातून निघूनही गेलं.

तिने मान हलवली. हात धुतले. ताट उचलून ह्यांच्यापुढे आली. "वाद्यार, उभे राहा. दसऱ्याला नमस्कार करायचा राहिला माझा. शिकवलंत ते तर कुणी बाद केलं नाही ना?"

ताट खाली ठेवून ती वाकली. ह्यांनी पाय मागे घेतले. असे झटकन, की खुर्ची मागे भिंतीवर आपटली.

"नको. शिवू नकोस."

"काय झालं?"

"तुळसीचा फोन आला होता."

ती तशीच वाकलेली, हात जमिनीवर.

"कधी?"

"सकाळी. गाडी रांगेत लावायच्या आधी. वेळ होता, कयल. भरपूर वेळ होता. मला लाज वाटली, म्हणून मी गप्प बसलो. तुला भास म्हटलं ना, तो भास नव्हता. मी पेट्रोल जास्त घातलं होतं." हे रडत नव्हते. शर्यतीचा हिशेब सांगतात तसं सगळं सांगत होते. "उद्या ट्रॅकवर जाऊन सगळ्यांपुढे सांगतो."

ती सावकाश उभी राहिली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सांगा," ती म्हणाली. "नाव तरी धुऊन निघेल."

हेल्मेट उचललं. ताट जमिनीवरच राहिलं, दिलं असंही नाही आणि परत नेलं असंही नाही. दारापर्यंत गेली आणि वळली. ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे.

"अक्का, तुम्ही संध्याकाळी आलात ना?"

माझ्या हातात चटणीची वाटी होती.

"सकाळी," मी म्हटलं.

तिने मान खाली घातली, जणू खोटं तीच बोलली होती. चपला पायात सरकवल्या आणि गेली. बाहेर स्कूटर एकदा चालू झाली नाही, दुसऱ्यांदा झाली.

आम्ही दोघंच राहिलो. तिच्या ताटलीत दीड इडली होती. हे म्हणाले, "माझं जाऊ दे. तू कशाला खोटं बोललीस, तुळसी?"

मी तिची ताटली उचलली आणि घासायला घेतली.