पोत्यांची तोंडे

ती घटना आठवली की आजही आधी घशात ठसका दाटतो, मग माणसे आठवतात. नंदुरबारच्या त्या मिरचीच्या गोदामात पाऊल ठेवताच डोळे झोंबू लागत. पंचनामा लिहिणारे हवालदार दर ओळीला शिंकत होते. मागून एक हमाल म्हणाला, "साहेब, कागद वला व्हई जाई." सगळे हसले; त्यानंतर त्या गोदामात बराच काळ कुणी हसले नाही.

तक्रार तिथे माल ठेवणाऱ्या व्यापाऱ्याची होती, तपास माझ्याकडे होता. मागच्या भिंतीलगतची थप्पी ट्रकमध्ये चढवण्यासाठी उतरवू लागले, तेव्हा पुढची रांग मिरचीची आणि तिच्या आड भुशाची पोती निघाली. त्याच दिवशी ठाण्यात निनावी फोन आला: माल हमालांच्या मुकादमाने विकला आहे. मुकादम साठीचे, साऱ्या बाजाराचे 'चाचा'. भुसा हाताला लागताच काम थांबवून गोदामाच्या व्यवस्थापकाला बोलावणारेही तेच. तरी संशय त्यांच्यावरच गेला, कारण तिथली थप्पी त्यांची टोळीच लावी. अटक झाली असती, तर त्या टोळीला बाजारातल्या एकाही गोदामाचे दार पुन्हा उघडले नसते.

चौकशीत चाचा एकच वाक्य सांगत राहिले. "हाई थप्पी आमनी नही शे, मॅडम."

सहकाऱ्यांना तो नेहमीचा इन्कार वाटला. मला मात्र एक गोष्ट खटकली. आरोपी स्वतःबद्दल बोलतो; हे थप्पीबद्दल बोलत होते. मी विचारले, कशावरून?

त्यांनी प्रथमच मान वर केली. "तोंडे देखा. आमी पोतानं तोंड मझार ठेवतस. बाहेर ऱ्हायनं तं शिवण उसवस, माल सांडस."

तोंडे आत ठेवता, मग हे आधी का सांगितले नाही?

"कोनी इचारं नही."

गोदामात परतून मी थप्प्यांवरून हात फिरवत गेले. तळव्याला पोत्यांचे फुगीर, बिनगाठीचे पोट लागत होते. मागच्या थप्पीचा न उतरवलेला भाग आला आणि सुतळीच्या गाठी बोटांना टोचल्या. तिथे सगळी तोंडे बाहेर होती. पंचांना बोलावून पुन्हा पंचनामा केला.

टोळीच्या सुट्टीच्या दिवशी किल्ली फक्त व्यवस्थापकाकडे असे. थप्पी टोळीनेच आपल्यासमोर लावली, हे त्याने ठामपणे सांगितले. मग तोंडे बाहेर कशी, एवढेच मी विचारले. त्याने पाणी मागितले आणि मग कबुली दिली. बाहेरचे मजूर आणून त्याने मिरची गुजरातेत पाठवली होती, आणि फोनही त्यानेच केला होता. रोज त्या थप्प्यांसमोर उभ्या राहिलेल्या माणसाने पोत्याचे तोंड कुठे असते, हे कधी पाहिलेच नव्हते.

नकारही जबाबच असतो, तो शेवटपर्यंत ऐकावा लागतो, हे मला त्या प्रकरणाने शिकवले. पुढे कुणी 'नाही' म्हटले की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असे: कशावरून?

चाचांना ठाण्यातून निरोप देताना मी चहा मागवला. ते थांबले नाहीत. पोरे गोदामावर बसून आहेत, म्हणाले. गोदामातले जप्तीचे काम आटोपल्यावर त्यांनी ती उरलेली मिरचीची पोती एकेक करून फिरवली आणि थप्पी नव्याने लावली, तोंडे आत. शेवटच्या पोत्यावर त्यांनी तळवा ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला आणि मग म्हणाले, "आते आमनी शे."