ट्रकचे पाटे

सासूच्या पाठीच्या मणक्याला क्षय झाला तेव्हा आमच्या गावाला मोटार येत नव्हती. जळगाव जामोद तीन कोस. डॉक्टरांनी बजावलं होतं, दर आठवड्याला सुई टोचायची, खंड पडू द्यायचा नाही. पडला तर बाई कायमची वाकेल. सुई तिथेच मिळायची. म्हणजे बाईला तिथे न्यायचं, आणि न्यायचं तर दमणीतून.

दमणी म्हणजे माणसं न्यायची हलकी बैलगाडी. आमच्या दमणीची साटी, म्हणजे बसायचा सांगाडा, चाकांच्या आखावर थेट बसवलेली होती. पांदणीत, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेत, काळ्या मातीच्या चाकोऱ्या वाळल्या की दगडासारख्या होतात. पहिल्या खेपेला सासू जाताना ओरडली. येताना तिच्यात ओरडायचंही बळ उरलं नव्हतं. घरी आल्यावर तिनं सांगून टाकलं, मरेन पण त्या गाडीत बसणार नाही. दुसरा आठवडा हुकला.

मग कुणीतरी सुचवलं, दमणीला टांग्यासारख्या कमानी बसवा. कमान म्हणजे एकावर एक ठेवलेले लोखंडी पाटे. खड्डा आला की ते दबतात आणि हिसका वर पोचत नाही. मी आणि नवरा शेगावला एका भंगारवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे दोन जोड्या निघाल्या. एक मोडक्या टांग्याची, चार पातळ पाट्यांची, गंजलेली. दुसरी ट्रकची, सात जाड पाट्यांची. नवरा ट्रकच्या जोडीपाशी बसला आणि बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा तिच्यावरून हात फिरवायला लागला. आमच्या घरात जे आणायचं ते कापसाच्या भरल्या गाडीच्या हिशेबानं आणायचं, दोर असो की सून.

मी टांग्याच्या कमानीवर उभी राहिले. ती दबली. ट्रकच्या कमानीवर उभी राहिले. ती हललीसुद्धा नाही.

“याच्यात कापूस न्यायचा नाई,” मी म्हटलं. “तुमची माय न्यायची हाय.”

भंगारवाला हसला. “बाईले समजते बाप्पा, तुमाले नाई समजत.”

तिथेच घोळ झाला. तो हसला नसता तर नवऱ्यानं टांग्याची जोडी घेतली असती, असं मला अजून वाटतं. त्यानं ट्रकची उचलली. घ्यायचं तर दणकट घ्यायचं, एवढंच म्हणाला.

लोहारानं कमानी बसवल्या, त्यात तिसरा आठवडा गेला. मी तांब्या काठोकाठ भरून मांडीवर घेतला आणि दमणीतून शेताच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत, जाऊन आले. लुगडं ओलं झालं. नवरा म्हणाला, तांब्याच जास्त भरला होता. सासूला मी सांगितलं की आता हिसके बसत नाहीत. खोटं सांगितलं. दुसरा इलाज नव्हता.

ती बसली. जळगावला उतरवली तेव्हा तिच्या ओठाला रक्त होतं. लेकानं आणलेल्या कमानी म्हणून ती काही बोलली नाही.

त्या दिवशी बाजारातून बैलांसाठी सरकीची दोन पोती घेतली आणि दमणीत मागे टाकली. येताना सासू झोपून गेली. मी घाबरून तिच्या नाकाशी हात धरला. श्वास चालू होता. गाडी हिसके देत नव्हती. पोत्यांच्या वजनानं कमानी दबल्या होत्या.

पुढच्या आठवड्याला मी ती पोती उतरू दिली नाहीत. नवरा बैल घेऊन आला, पोत्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गुपचूप ती आखाच्या बरोबर वर सरकवली. तेव्हापासून सरकी दर आठवड्याला जळगावला जाऊन परत यायची. गावातल्या बाया विचारायच्या, तुमच्या सरकीले काय दुखणं झालं वं?

सासू मात्र वाळत चालली. एके दिवशी तिला गाडीत ठेवलं तर पायाशी अर्धं पोतं जास्तीचं. तिनं लेकाला विचारलं, “हे काऊन?”

“बैलाले लागते माय.”

“बैल घरी खाते. मी हलकी होऊन राह्यली म्हणून ठेवलं ना?”

तो जू नीट करत राहिला. तिनं तोंड फिरवलं ते जळगाव येईपर्यंत.

एवढं ओझं नेऊन नेऊन एका बैलाची मान सोलली, तेव्हा कुठे नवरा लोहाराकडे गेला. लोहारानं बोल्ट खोलला, दोन्ही कमानींचे तीन-तीन पाटे काढले आणि पुन्हा आवळलं. विडी विझायच्या आत काम झालं. मी विचारलं, हे पहिल्या दिवशीच का नाही केलं? तो म्हणाला, “मले वाटलं, तुमाले कापूस न्यायचा हाय.”

मग पोत्यांवाचून दमणी मऊ चालली. सुया पुऱ्या झाल्या, सासू जगली. पाठ मात्र वाकली ती वाकलीच. सुरुवातीच्या दोन चुकलेल्या आठवड्यांनी वाकली की तशीही वाकली असती, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. भंगारवाल्यासमोर बोलायला नको होतं, असं कधी वाटतं. पण तिथे मी काही खोटं बोलले नव्हते.

काढलेल्या पाट्यांपैकी एकाची लोहारानं विळी करून दिली. सासू वाकून वाकून त्याच विळीवर भाजी चिरायची. लेक जेवायला बसला की पात्यावर नख वाजवायची आणि मला म्हणायची, “दणकट हाय वं.”

तो मान खाली घालून जेवायचा.