चौथ्या चाकाचा आकडा

श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या ताईंनी मला माझ्या आईचा फोन उचलायला लावला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं चाकांचं आणि हवेचं आहे, आणि त्या पसाऱ्यात उपकार करणारं माणूस मागं पडायला नको. ताईंचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही.

मी गडचिरोलीकडचा. नववीत शाळा सोडली आणि कामाच्या मागं फिरत फिरत पार इकडं आलो, घोडेगावला, रस्त्यालगतच्या एका टायरच्या दुकानात. तिशी इथंच गाठली. दुकान चाचांचं. चाचा मला नावानं हाक मारत नाहीत, आमच्या मुलखावरून ‘झाडीपट्टी’ म्हणतात. “ए झाडीपट्टी, जॅक लाव.” बाजाराच्या दिवशी समोरून म्हशींचे टेम्पो जातात, एरवी शिंगणापूरला दर्शनाला निघालेल्या गाड्या. त्यांचीच पंक्चर, त्यांचीच हवा.

हल्लीच्या पुष्कळ गाड्यांच्या चाकात सेन्सर असतो. टायर रिमवरून उतरवला की आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, काड्यापेटीपेक्षा जरा लहान अशी काळी डबी दिसते. चाक फिरायला लागलं की ती जागी होते आणि आत हवा किती आहे ते गाडीला सांगत राहते. गाडी आपल्या चारच डब्या ओळखते. म्हणून चाक बदललं तर जुन्यातला सेन्सर काढून नव्यात बसवावा लागतो. न बसवला तर गाडी जुन्यालाच शोधत राहते. आमच्या टेबलाच्या खणात काढलेले, बिनमालकाचे सेन्सर पडलेले असतात. त्यातल्या काहींची बॅटरी अजून जिवंत असणार. खण उघडताना मला उगाच वाटायचं की हे सगळे हाका मारतायत आणि ओ द्यायला कोणी नाही. मी खण पटकन लावून टाकायचो.

माझा स्वभावच तसला. भित्रा म्हणा. वडील गेल्याचं मला आईच्या फोनवरून कळलं होतं. मी ट्रकच्या चाकाशी बसलेलो, स्क्रीनवर ‘आई’ आलं, आणि पलीकडून आई बोललीच नाही, शेजारचा काका बोलला. पोहोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यानंतर तिचा नंबर दिसला की माझे हात गार पडायचे. फोन वाजून थांबेपर्यंत मी पालथा ठेवायचो. मग तासाभरानं छाती घट्ट करून आपणहून लावायचो. ती काही बोलायची नाही त्याबद्दल.

तर ताई. एका शनिवारी त्या सासऱ्यांना घेऊन दुकानात आल्या. स्वतः गाडी चालवत होत्या, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, नवीन शिकलेलं माणूस धरतं तसं. शिंगणापूरला तेल वाहायला निघाले होते.

“दादा, जरा हवा बघता का? म्हंजे हवाच असं न्हाई. गाडीत काहीतरी हाय.”

“काहीतरी म्हणजे?”

त्यांनी डोळ्यांनीच सासऱ्यांकडं दाखवलं. सासऱ्यांना त्या आबा म्हणत. आबा खाली उतरून टपरीकडं गेले तसं त्यांनी सांगितलं. नवरा गेल्या दिवाळीनंतर गेला. शेतातून आला, ओट्यावर टेकला, छातीत कळ आली, संपलं. ताई श्रीरामपूरला एका दवाखान्यात नर्स आहेत, जायला-यायला म्हणून गाडी शिकल्या. समोरच्या पडद्यावर चार चाकांचे चार आकडे येतात. तीन नीट. डाव्या अंगाच्या मागच्या चाकाचा आकडा मात्र सकाळी घरी गाडी चालू केली की येतो, वेशीबाहेर पडलं की जातो. नुसत्या रेघा उरतात. संध्याकाळी अंगणात गाडी लावली की परत येतो.

“आणि रोज थोडा कमी हुतोय,” त्या म्हणाल्या. “अठ्ठावीस हुता, सव्वीस झाला. आता एकोणीस.”

मी गेज लावून बघितलं. त्या चाकात हवा पुरी होती. आमच्याकडचं तपासायचं यंत्र एकेका व्हॉल्व्हशी धरलं. तीन बोलले. चौथा मुका. टायर मशीनवर घेतला, कड सोडवली, आत हात घातला. नुसता रबरी व्हॉल्व्ह. सेन्सर नव्हताच.

“ताई, ह्याच्यात काहीच नाही.”

त्यांचा चेहरा उतरला. “मग रोज सकाळी कोन दिसतं मला?”

दुपारचं रखरखीत ऊन होतं, समोर नारळवाला ओरडत होता, आणि माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

आबा चहा पिऊन आले होते. त्यांनी ऐकलं. “मी म्हनलं न्हवतं? इका ती गाडी. चला, आधी तेल घालून येऊ.”

चाचा हसले. “आबा, शनिवारी आम्ही कुणाला लोखंड घेऊ नका म्हणून सांगतो, पण हे तर ॲल्युमिनियम हाय. त्याच्यावर महाराजांचा काय राग?” मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, “सेन्सर मेलेला नाही रे. घराच्या आसपास कुठंतरी फिरतोय. उद्या जा आणि शोध. तपासायचं यंत्र घेऊन जा.”

फिरतोय म्हणाले. तो शब्द रात्रभर माझ्या डोक्यात राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेलापूरला गेलो. ताईंचं घर गावाबाहेर, उसाच्या कडेला. अंगण, ओटा, पलीकडं गोठा. ताईंनी मला गाडीत शेजारी बसवलं आणि चावी फिरवली. तीन आकडे आले. चौथ्या जागी रेघा. आम्ही दोघं बघत बसलो. बराच वेळ काही नाही. मग गोठ्यामागून करकर असा आवाज आला आणि रेघांच्या जागी आकडा उमटला. अठरा.

“आले,” ताई म्हणाल्या. इतक्या हळू, की मला ऐकू यावं असं त्यांना वाटत नसणार.

मी आवाजाकडं बघितलं. आबा हत्तीगवतानं भरलेला हातगाडा ढकलत गोठ्याकडं येत होते. गाड्याला दोन चाकं. एक साधं, जुनं. दुसरं मोटारीचं, अलॉयचं, चकचकीत. गाडा त्या अंगाला बसला होता, तिरका चालत होता, आणि आबा छातीनं रेटत होते. अलॉयच्या चाकाला पितळी रंगाचा, नट असलेला व्हॉल्व्ह होता. तसला व्हॉल्व्ह साध्या चाकाला नसतो.

मी उतरून यंत्र त्याच्याशी धरलं. ते लगेच बोललं.

मग ताईंना सगळं आठवत गेलं. खड्ड्यात आपटून त्या चाकाची रिम वाकली होती. नवऱ्यानं गाडीला दुसरं जुनं चाक आणून लावलं. पडद्यावर दिवा पेटायला लागला तेव्हा म्हणाला, सेन्सर काय, नंतर बसवू. आणि वाकलेलं चाक टाकून कशाला द्यायचं म्हणून वेल्डिंगवाल्याकडून गाड्याला बसवून घेतलं. घरच्या पायपंपानं हवा भरली. गवताच्या गाड्याला एवढं चाललं असतं. आठवड्यात माणूस गेला. आबा रोज सकाळ-संध्याकाळ गाडा फिरवायचे, चाक फिरलं की सेन्सर जागा व्हायचा, आणि अंगणातली गाडी त्याचं ऐकायची. वाकलेल्या रिममधून हवा थोडी थोडी जात होती. ताई रोज तेच बघत होत्या.

“पण आबा, त्याच्यात हवा का न्हाई भरली? पंप तर पडवीतच हाय. केवढा रेटताय रोज.”

आबा गाड्याच्या दांडीला धरून उभे. “न्हाई भरली.”

“का पर?”

“त्यानं भरल्याली हाय ती.” आबांनी चाकाकडं बघितलं. “दुसरी कशाला मिसळू?”

ताई ओट्यावर बसल्या. मला कुठं बघावं कळेना. एका घरात दोघं जण, एकाच चाकाची हवा जपत होते. एक पडद्यावर, एक गाड्यापाशी, आणि दोघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं.

आता काम माझ्यावर आलं. सेन्सर काढायचा तर आधी हवा सोडावी लागते, दुसरा उपाय नाही. आणि काढला नाही तर ताई रोज श्रीरामपूरपर्यंत एका चाकाचं काही कळत नसताना जाणार. ते चाक रस्त्यात बसलं तर गाडी सांगणार नाही. मी हे आबांना सांगितलं. आबा म्हणाले, “मग नवा आना की इकत. हा ऱ्हाऊ द्या.”

“आबा, ही तशीबी चाललीय,” ताई म्हणाल्या. “आज अठरा हाय. महिन्यानं काय हाय? मला रोज कमी हुताना बघवत न्हाई. माझ्या हातनं जाऊ द्या.”

आबांनी गाड्यातलं गवत म्हशींपुढं टाकलं, सगळं, सावकाश. मग रिकामा गाडा अंगणात आणून उभा केला. “हवा इथंच सोडा. त्या तुमच्या रस्त्यावर नको, गोंगाटात.”

मी व्हॉल्व्हमधली पिन काढायची चावी ताईंच्या हातात दिली आणि कशी फिरवायची ते दाखवलं. आबा गुडघे टेकून बसले आणि व्हॉल्व्हसमोर तळहात धरला. पिन सुटली. टायरची हवा रोज सोडतो मी, तो आवाज मला कधी ऐकूही येत नाही. त्या दिवशी ऐकला. आधी जोरात, मग बारीक, मग कुणी झोपेत श्वास सोडावा तसा. आवाज थांबला तरी आबांनी हात काढला नाही.

“गार हाय,” ते म्हणाले. एवढंच.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आई. मी खिशातून काढला, बघितला, आणि ओट्यावर पालथा ठेवला.

“कोनाचा?” ताईंनी विचारलं.

“आईचा. नंतर करतो.”

ताईंचे डोळे ओले होते, पण माझ्याकडं बघितलं ते दवाखान्यातल्या नर्सनं बघावं तसं. “ह्या घरात ‘नंतर’ म्हननारा एक मानूस हुता, दादा. उचला.”

मी म्हटलं, मला भीती वाटते. का ते दोन वाक्यांत सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी ओट्यावरचा फोन उचलला, बोट फिरवलं आणि माझ्या कानाला लावला. चावी धरून त्यांची बोटं काळी झाली होती.

“हॅलो? बापू?” आईच होती. “उचललास गा! मी म्हटलं, वाजून वाजून बंद होईल. जेवलास का?”

मी म्हटलं, अजून नाही. ती म्हणाली, “काही नाही, काम करत असशील तर कर. आवाज आयकाचा होता.” मागं कोंबडी ओरडत होती. आमच्या घरची.

त्यानंतर मी ते चाक आणि गाडी दुकानावर नेली. टायर उतरवताना मशीनचा दांडा व्हॉल्व्हपासून लांब ठेवला, नाहीतर डबी फुटते. सेन्सर पुसला, नवा रबरी वायसर घातला, नवी पिन घातली, आणि ताईंच्या गाडीच्या चाकात हलक्या हातानं कसला. डबी तीच, म्हणून गाडीला काही नव्यानं शिकवावं लागलं नाही. थोडं पुढं गेल्यावर चारही आकडे आले आणि राहिले. चौथा बत्तीस. गाड्याच्या चाकाला मी साधा व्हॉल्व्ह लावून दिला, रिम ठोकून सरळ केली. चाचा लांबून बघत होते. म्हणाले, “झाडीपट्टी, आज हात लई हळू चालला.”

आबांनी गाड्यात स्वतः हवा भरली म्हणे, त्याच पायपंपानं.

भीती गेली असं नाही. ‘आई’ दिसलं की अजून हात गार पडतात. पण आता गार हातानंच उचलतो. टेबलाचा खण मात्र अजूनही पटकन लावतो.

सेन्सरची बॅटरी बदलता येत नाही. आत बंद असते, काही वर्षांनी संपते. ताईंचा तो सेन्सरही एक दिवस गप्प होईल आणि चौथ्या जागी पुन्हा रेघा येतील. पण आता कोरे सेन्सर मिळतात, त्यात जुन्याचाच क्रमांक उतरवता येतो, गाडीला फरक कळत नाही. जुन्याचा क्रमांक मी जपून ठेवलाय. ताई, त्या दिवशी मी जिथं असेन तिथून, गडचिरोलीला असलो तरी, बेलापूरला येईन आणि तुमच्या अंगणात बसून तो बसवून देईन. तेवढं काम माझ्याकडं ठेवा.