बैठकीतलं अमूर्त चित्र

नाशिक रोडला आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. माझा नवरा शहरात एका छापखान्यात मशीनवर होता. छापखान्याला शाई पुरवणाऱ्या परदेशी कंपनीचं एक भलंमोठं कॅलेंडर वर्ष संपल्यावर तो घरी घेऊन आला. त्यात देवही नव्हते आणि बर्फाचे डोंगरही नव्हते. पानोपानी नुसते रंग होते. "याला अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणतात," तो म्हणाला. "यातलं आपल्याला काही कळायला नको, छपाई बघ फक्त."

माझी नणंद तेव्हा आमच्याकडे राहून डी.एड. करत होती. तिनं पानं उलटता उलटता एकावर हात ठेवला. काळे जाड फटकारे, त्यांच्या आडून डोकावणारा हळदीसारखा पिवळा आणि एका कोपऱ्यात लाल. "वहिनी, हे लावू या ना बैठकीत."

मी खालच्या तारखा कापल्या आणि आम्ही दोघी चित्र घेऊन मेन रोडला फ्रेमवाल्याकडे गेलो. त्याच्या दुकानात सगळे गजानन आणि लक्ष्म्या. त्यानं कागद इकडून तिकडून फिरवला. "ताई, वरची बाजू कोणती?" तारखा मीच कापून टाकलेल्या, त्यामुळे मलाही सांगता येईना. शेवटी नणंदेनं, "लाल रंग खाली येऊ द्या," असं ठरवून टाकलं.

शेजारपाजारच्यांनी थट्टा केली आणि मग त्यांनाही सवय झाली. नणंद मात्र अभ्यास करताना मुद्दाम त्याच्यासमोर बसायची.

त्या उन्हाळ्यात सासूबाई कळवणहून आल्या. देवळ्याचं एक स्थळ सांगून आलं होतं, मुलाच्या वडिलांचा कांद्याचा व्यापार, घर चांगलं. बघायला येणार आमच्याकडेच. सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि भिंतीकडे पाहिलं. "ते आधी काढ. पाहुणे काय म्हणतील, यांच्या घरात रंग सांडतो का?"

मी ते काढून पलंगाखाली सरकवलं. दुसऱ्या दिवशी मी पाहुण्यांसाठी पोहे परतत होते, तर बाहेर खिळ्यावर काहीतरी टेकल्याचा आवाज आला. नणंदेनं साडी नेसून, स्टुलावर चढून चित्र परत लावलं होतं. सासूबाई काही बोलणार, तेवढ्यात दारात चपला वाजल्या.

मुलगा मान खाली घालून बसला होता. बोलत होते ते त्याचे वडीलच. शिक्षण, स्वयंपाक, शिवण विचारून झालं. मग त्यांचं लक्ष वर गेलं.

"हे काय हाय?"

नवरा घाईनं म्हणाला, "कॅलेंडरचं आहे, असंच."

"नाय, पोरीला विचारतोय. तुला आवडतं का गं हे?"

"हो," नणंद म्हणाली. "सकाळी बघितलं तर एक वाटतं, संध्याकाळी दुसरंच. काय आहे ते माझं अजून ठरलं नाही."

"मग ज्याचं ठरलं नाय ते भिंतीवर कशाला टांगायचं?"

"माझंही काही ठरलेलं नाही, काका. तरी मला इथं बसवलंच आहे ना?"

मी घाईनं चहाचा ट्रे पुढे केला. सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. मुलानं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं, त्याला हसू आवरत नव्हतं. वडील मात्र हसले नाहीत. चहा पिऊन सगळे उठले.

नकार आला. सासूबाई लेकीशी बोलेनाशा झाल्या आणि माझ्याशी जास्तच बोलू लागल्या. सगळा दोष त्या चित्राचा! नवरा म्हणाला, "आई, त्या कागदावर कशाला राग? बोलली ती." त्यावर त्या म्हणाल्या, "तेच तर. आधी कधी असं बोलत नव्हती."

मी मधे पडले नाही. खरं सांगायचं तर मला त्या पोरीचा हेवा वाटला होता. मला बघायला आले तेव्हा मी फक्त होय आणि नाही एवढंच म्हटलं होतं.

पुढे तिला कळवणजवळच्या शाळेत नोकरी लागली. लग्न तिनं तिथल्याच एका शिक्षकाशी केलं, सावकाश, दोघांनी आधी पुष्कळ बोलून. मी विचारलं, "काय देऊ तुला?" तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. मी जुन्या धोतरात गुंडाळून ते चित्र एस.टी.नं तिच्या घरी पोचवलं.

एकदा दिवाळीनंतर मी तिच्याकडे गेले होते. ती शाळेत होती आणि सासूबाई त्या चित्राखाली पाय पसरून मेथी निवडत बसल्या होत्या. शेजारची बाई आली आणि मान वाकडी करून चित्राकडे बघू लागली. "आजी, हे काय हो काढलंय?"

सासूबाईंनी तिच्यासमोर मेथीची अर्धी जुडी सरकवली. "लेक आली की तिला विचार," त्या म्हणाल्या, "तवर ही निवडू लाग."