वहिनींची सातची मालिका

धारच्या नातेवाइकांत वहिनींच्या शेवटच्या वर्षांचा विषय निघाला की मी उठून बाहेर जातो. पाणी प्यायला, चप्पल शोधायला, काहीही. सगळ्यांना वाटतं, मला दुःख होतं. दुःख होतंच, पण उठतो ते कोणी काही विचारू नये म्हणून. इतकी वर्षं असंच निभावलं. आता विचारणारेही फार उरले नाहीत, तेव्हा लिहूनच टाकतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा गेल्यावर त्या धारच्या घरात एकट्या राहत. मुलगा हैदराबादला, सून तिकडची, नातवंडांशी फोनवर हिंदी. दूधवाला, भाजीवाली, डॉक्टर यांच्याशी हिंदी नाहीतर माळवी. गल्लीत आणि मागच्या आळीत मिळून मराठी घरं होती सात-आठ, पण त्यांतली तरुण मंडळीही आपसात हिंदीच बोलायची. वहिनींना पोटभर मराठी मिळायचं ते संध्याकाळी सात वाजता, केबलवर. मालिका त्या नुसती बघत नसत, तिच्याशी बोलत. भाजी निवडता निवडता पडद्यावरच्या सुनेला बजावत, "अगं, त्याला कशाला सांगतेस? तो गावभर करील."

मी देवासला कारखान्यात खरेदी विभागात होतो. तीन ठिकाणचे भाव काढल्याशिवाय खिळासुद्धा घेतला नाही. निवृत्त झालो आणि ती सवय टीव्हीवर निघाली. केबलचे दर वाढले, वाहिन्यांचे पॅक निघाले, आणि नको असलेल्या पन्नास वाहिन्यांचे पैसे आपण का भरायचे म्हणून माझं डोकं तापलं. छपरावर डिशची छत्री लावली तर महिन्याचा खर्च काही नाही, पण तिच्यावर मराठी म्हणजे एक सरकारी वाहिनी. मालिका हव्यात तर अ‍ॅप, वर्षाचे पैसे एकदाच, आणि मोबाइलचं नेट सगळ्यांकडे होतंच. छत्री आणि अ‍ॅप मिळून केबलच्या निम्म्यात बसत होतं.

गणपतीत धारला गेलो होतो. आरती झाल्यावर खिरापत खात खात मी हे सगळ्या मराठी घरांना समजावून सांगितलं. लोक खूश. एकजण म्हणाला, काका, हे आधी का नाही सांगितलंत. मला ते फार आवडलं. दिवाळीपर्यंत एकेकानं केबल तोडली. कोणाला अ‍ॅप जमेना तर मी देवासहून फोनवर समजावत बसे.

वहिनींनी मात्र ऐकलं नाही. म्हणाल्या, "भावजी, त्यात शोधावं लागतं. इथं बटण दाबलं की माणसं बोलायला लागतात." मी हसलो. बायकोला म्हणालो, हौस आहे त्यांना केबलवाल्याचं घर भरायची.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "भावजी, मराठी गेलं हो. त्या जागी काळं दिसतंय."

मी तरातरा इंदूरमार्गे धार गाठलं आणि आधी केबलवाल्याच्या दुकानात गेलो. तिशीतला मुलगा. वहिनी त्याला दर दिवाळीला फराळाचा डबा देत, आणि तोही वायर तुटली तर भर पावसात खांबावर चढे. मी त्याला नाही नाही ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अंकल, मराठी का पैक इन्हीं घरों के दम पे चल रहा था। आपने सब कटवा दिए। ऊपर कंपनीवाले एक घर के लिए नहीं देते।"

मी निघालो तसा तो मागून म्हणाला, "काकी को मैंने कुछ नहीं बताया, अंकल। आप ही बता देना।"

दुकानापासून घर जवळच आहे. तेवढ्या वाटेत मी खरं सांगायचं वाक्य जुळवलंही होतं. वहिनी दारातच उभ्या होत्या. "काय म्हणाला तो?"

"लबाड आहे. जास्त पैसे हवेत त्याला," मी म्हणालो.

त्या दिवाळीला त्याला डबा गेला नाही. उरलेल्या हिंदी वाहिन्यांचे पैसे न्यायला आला तर वहिनी जाळीतून नोट द्यायच्या आणि दार लावायच्या. एकदा माझ्यासमोर हे झालं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पावती ठेवली आणि गेला. त्यानं सांगून टाकलं असतं तर मी सुटलो असतो, आणि सांगत नाही म्हणून मला त्याचाच राग येई.

मग मी भरपाई करायला निघालो, बोलायचं तेवढं सोडून. छत्री बसवली. सरकारी वाहिनीवर त्या वेळी शेतीचा कार्यक्रम लागे. वहिनी दोन दिवस बघून म्हणाल्या, भाताची लावणी समजली मला. मग टीव्हीच्या मागे लावायची ती अ‍ॅपची कांडी आणली. तिचा रिमोट वेगळा, टीव्हीचा वेगळा, छत्रीचा वेगळा. नेट अडकलं की पडद्यावर चक्र फिरत राही. खातं माझ्या नावावर, त्यामुळे ते अधूनमधून बाहेर फेकून देई आणि आत यायचा आकडा देवासला माझ्या मोबाइलवर येई. वहिनींनी मला फोन करायचा, मी आकडा सांगायचा, त्यांनी तो रिमोटनं बाण हलवत एकेक टिपायचा. तोवर त्याची मुदत संपलेली. त्यात अ‍ॅपवाल्यांनी पैसे वाढवले, वर जाहिराती घातल्या, आणि जाहिराती नकोत तर आणखी पैसे मागितले. सगळं धरून केबलच्या वर गेलं. माझा हिशेब दोन वर्षंही टिकला नाही.

सातच्या सुमाराला वहिनींचा फोन वाजला की माझ्या कपाळाला आठी पडे. कधी उचलला, कधी वाजू दिला. हळूहळू तो यायचा थांबला. मी बायकोला म्हणालो, जमलं वाटतं त्यांना. जमलं नव्हतं हे मला ठाऊक होतं, कारण आकडा माझ्याकडे आलाच नव्हता.

नंतर गेलो तेव्हा टीव्हीवर हिंदी बातम्या चालू होत्या, आवाज बंद. वहिनी भाजी निवडत होत्या, गप्प. मला बघून म्हणाल्या, "आइए, बैठिए भावजी." मग स्वतःच ओशाळल्या. "बघा, तोंडात तेच बसलंय आता."

मी चहा घेतला. कांडीची वायर उगाच हलवून पाहिली. त्या म्हणाल्या, "राहू द्या हो. त्या मेल्या केबलवाल्यानं घात केला, तुम्ही तरी किती धावाल?" तीच वेळ होती. मी कप खाली ठेवला, घसा साफ केला, आणि इंदूरची बस चुकेल म्हणून उठलो.

थंडीत त्या गेल्या. तेराव्याला केबलवाला आला होता, मागे उभा राहिला, जेवून गेला. त्याच्याशीही मी बोललो नाही.

वहिनी, त्या मुलाची काही चूक नव्हती. त्याचा डबा तुम्ही माझ्यामुळे बंद केलात. गणपतीत बसून तुमचं मराठी मी बंद केलं, आणि ते कळल्यावरही तुमच्या दारात उभा राहून खोटं बोललो. मला क्षमा करा.