मऊ दाण्याचा तुंबा

त्सुमाचे दात पडायला लागले तेव्हाच तिने ओळखलं, आपले आता फार दिवस नाहीत. तिच्या लोकांना म्हातारपणाची भीती नव्हती, दातांची होती. बाल्सास नदीच्या खोऱ्यात मका तेव्हा अजून मका झालाच नव्हता. होतं ते नुसतं उंच गवत. त्याला बोटाएवढी शेंग, शेंगेत सात-आठ दाणे आणि एकेका दाण्यावर खड्यासारखं कवच. कुटा, दळा, पाखडा, काय वाटेल ते करा, पिठात कचकच राहायचीच. तिनेच दात झिजत. त्सुमाची आई भरल्या टोपलीशेजारी उपाशी मेली होती.

सहा पावसाळ्यांपूर्वी राखेच्या ढिगाजवळ त्सुमाला त्या गवताचं एक ताट उगवलेलं सापडलं. दाणा चावला तर कवच दाताखाली चक्क दबलं. उरलेले दाणे तिने खाल्ले नाहीत, पुरले. मग दरसाल तेच. प्रत्येक ताटाचा एक दाणा चावून बघायचा. मऊ निघाला तर त्या ताटाचं बी वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात, नाहीतर पाट्यावर.

नणंद ओखा खिदळायची. "वहिनी, गवत काय पेरतेस गं? उद्या नदीला पाणी घालशील!"

"तुझे दात शाबूत आहेत ना अजून? चाव खडे. मग बोल."

यंदा प्रथमच तुंबा गळ्यापर्यंत भरला होता. "आता पेरलं की पुढच्या साली यातलं खायचंसुद्धा," असं ती मुलीला, नेयीला, म्हणाली होती. हे असलं बोलणं त्सुमाच्या तोंडून क्वचितच निघे.

पाऊस झाल्यावर तिने काठीने भोकं पाडून सगळं बी पेरलं. बारा दिवस गेले. आजूबाजूचं रानगवत घोट्याच्या वर आलं, तिचा पट्टा मात्र उघडाच. तेराव्या दिवशी तिने माती उकरली. दाणा कुजलेला, आतून काळा, चिकट. दुसरा तसाच. तिसराही.

"नेयी! तुंब्याला कोणी हात लावला होता?"

"मीच की. तू तापाने पडली होतीस ना, तेव्हा. किडे पडले होते आई. तापल्या दगडावर छान परतले आणि परत भरून ठेवले." नेयी शाबासकीची वाट बघत होती. "एक दाणा सांडू दिला नाही."

"सगळे परतलेस?"

"सगळे."

नेयीचं काही चुकलं नव्हतं. साठवणीचं धान्य परतूनच ठेवायचं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बी म्हणून दाणे राखणारी त्सुमा एकटीच, आणि ते का परतायचे नाहीत हे तिने सहा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. तिने मुलीवर हात उगारला नाही. चार दिवस तिच्याशी बोललीही नाही.

पावसाळा सरला. रानगवत पिकलं तशी त्सुमा ओढ्याकाठी जाऊन बसली आणि एकेका ताटाचा दाणा चावू लागली. राखेच्या ढिगाजवळ एक ताट उगवलं होतं, तर ओढ्याकाठी का नाही? तिसऱ्या दिवशी शेवटची दाढ तुटली. ओखा पाण्याचा तुंबा घेऊन आली, पण या वेळी हसली नाही. "वहिनी, पुरे आता. चूळ भर."

नेयी तोवर लांब उभी होती. ती येऊन आईच्या शेजारी बसली.

"आण इकडे. मी चावते."

"तुला काय कळणार मऊ कुठलं ते?"

"मग सांग ना. इतकी वर्षं सांगितलंस का कधी?"

त्सुमाने तोंडातलं रक्त पुसलं आणि एक दाणा तिच्या हातावर ठेवला. "पुढच्या दाताने नको. दाढेखाली धर. हळू. दबलं?"

"नाही."

"थुंक. दुसरा घे."

अंधार पडेपर्यंत दोघींनी अर्धा ओढाकाठ पालथा घातला. एकही दबला नाही.